मगजीचं घर

नकार घेऊन शालीकराम आला तेव्हा सेवकराम अंगणात मोटरसायकलची चेन पुसत बसला होता. शालीकराम हा सेवकरामच्या बायकोचा, अल्काचा, चुलतभाऊ. हर्षासाठी तिरोड्याकडचं स्थळ त्यानंच आणलं होतं, त्यामुळे ते मोडल्याचं सांगायलाही त्यालाच यावं लागलं. आधी त्यानं चहा घेतला. मग यंदा धानाला तुडतुड्यानं कसं खाल्लं ते सांगितलं. मग कोहमाऱ्याच्या चौकात नवा ढाबा निघतो आहे, त्याची चौकशी केली. अल्का पदराला हात पुसत दारात उभी होती. ती शेवटी म्हणाली, "भाऊ, काय झालं थे सांगून टाक."

शालीकरामनं कप खाली ठेवला. मुलाच्या मामानं जामटोल्याला जाऊन विचारपूस केली होती. जामटोला हे सेवकरामचं मूळ गाव, चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर पिकणारं. मामा पानठेल्यावर उभा राहिला, सेवकराम मेश्रामचं घर कसं आहे म्हणून विचारलं, तर ठेल्यावरच्या लोकांना मेश्राम कोण ते आधी कळेचना. मग कळलं तेव्हा एकजण म्हणाला, अच्छा, मगजीच्या घरचा सेवकराम होय. त्याच्या आज्याचं डोस्कं फिरलं होतं. भर वैशाखात कोट घालून फिरत होता.

"मामा म्हनते, असं रक्तात उतरते," शालीकराम म्हणाला. "पोरगा पक्क्या नोकरीवर आहे. जोखीम कायले घ्या, म्हनते."

सेवकराम पुन्हा मोटरसायकलकडे वळला. त्यानं चेनला तेल घातलं, चाक हातानं फिरवून पाहिलं आणि फडकं झटकून तारेवर टाकलं. अल्कानं विचारलं, असं बोलणारा कोण होता. शालीकरामला नाव माहीत नव्हतं. त्यानं आणखी एक कप चहा घेतला आणि तो निघून गेला.

नाव कळलं असतं तरी उपयोग नव्हता. जामटोल्यात त्या घराला मगजी म्हणत नव्हतं असं कोण होतं? शाळेत हजेरी घेताना गुरुजी मेश्राम म्हणत, आणि हजेरी संपली की पोरं मगजी म्हणत. बाजारात त्याच्या बापाला म्हणत, विहिरीवर आईला मगजीची सून म्हणत. लहानपणी एकदा सेवकरामनं बापाला विचारलं होतं की आपल्याला असं काऊन म्हणतात. बाप जेवत होता. तो ताटावरून उठला, हात धुतला आणि बाहेर गेला. पुन्हा विचारायची हिंमत सेवकरामला झाली नाही. मग गावानं जो अर्थ लावला तोच त्यानंही लावला. मगज म्हणजे डोकं. मगज नको खाऊ, मगज तापला, असं सगळेच म्हणतात. तेव्हा मगजी म्हणजे ज्याचा मगज ठिकाणावर नाही तो. शिवाय आजा उन्हाळ्यात कोट घालायचा, हे गावातल्या म्हाताऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

सगळ्या गावात एकटा खेमराज त्याला सेवक म्हणायचा. दोघं एका बाकावर बसले, धानाच्या एका बांधीत खेकडे धरले. खेमराजच्या तोंडून ते नाव कधी निघालं नाही, म्हणून पुढंही जामटोल्यात सेवकरामचं जाणंयेणं राहिलं ते खेमराजपुरतंच.

एसटीत ड्रायव्हर म्हणून लागल्यावर सेवकरामनं गाव सोडलं. घर बांधायची वेळ आली तेव्हा कोहमारा निवडलं, कारण तिथं हायवे होता, वर्दळ होती, आणि जामटोल्याचं कोणी नव्हतं. नोकरीत तो शांत ड्रायव्हर म्हणून ओळखला गेला. रस्त्यात बैल आडवा आला तरी हॉर्न वाजवायचा नाही, प्रवाशानं शिवी दिली तरी उलट बोलायचा नाही. साहेब लोक कौतुक करत. त्यामागची गोष्ट त्यानं अल्कालाही सांगितली नव्हती. तो आयुष्यभर स्वतःवर नजर ठेवून होता. किल्ली कुठं ठेवली ते आठवलं नाही, विनाकारण राग आला, रात्री झोप लागली नाही, की त्याला वाटायचं, आलं का आपल्यातही?

हर्षा संध्याकाळी ड्युटीवरून आली. ती उपकेंद्रात नर्स होती. अल्कानं सगळं सांगितलं. हर्षानं हातपाय धुतले, पोटभर जेवली आणि मग बापाला विचारलं, "बाबा, तुमच्या आजोबांना नेमकं काय झालं होतं? झोप जायची का? एकटेच बोलायचे का? कुठं दाखवलं होतं?"

तिनं ते पेशंटला विचारतात तसंच विचारलं होतं, पण सेवकरामला ते झोंबलं. काही झालं नव्हतं, असं तो म्हणाला. आवाज चढला होता हे त्याच्याच लक्षात आलं. खरं तर आज्याला काय झालं होतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात अल्काला गोंदियाला जायचं होतं. भावाच्या मुलीचं लग्न होतं आणि साडीवरचा ब्लाऊज ती गोंदियाच्या मुन्नालाल मास्टरकडेच शिवायची. सेवकराम सोबत गेला. बाजारातल्या त्या अरुंद दुकानात तो बाकावर बसून राहिला. मास्टर म्हातारा होता, हिंदीतच बोलायचा, गळ्यात टेप आणि चष्म्याच्या एका दांडीला दोरा गुंडाळलेला. अल्का गळा कसा हवा ते सांगत होती. मास्टरनं खडूनं रेघ ओढली आणि विचारलं, "गले पे क्या दूँ? लेस लगेगी कि मगजी?"

सेवकराम ताडकन उठला.

"काय म्हटलं?"

मास्टरनं मान वर केली. सेवकराम काऊंटरपर्यंत आला होता. "किसने बताया तुमको? गाव का कौन आया था इधर?" मशीनवर बसलेले दोन्ही कारागीर थांबले. अल्कानं त्याचा हात धरला. तिला क्षणभर खरंच भीती वाटली, आणि ती कशाची भीती होती हे सेवकरामला तिच्या डोळ्यांत दिसलं. तेवढ्यानं तो थंड पडला.

मुन्नालाल मास्टरला यातलं काहीच कळलं नव्हतं. गिऱ्हाईक कशावरून तरी बिघडलं आहे एवढंच त्याला कळलं. त्यानं मागच्या खुंटीवरून एक शिवलेला ब्लाऊज काढला आणि त्याच्या गळ्याची कडा सेवकरामच्या पुढ्यात धरली. कडेला लाल रंगाची, सुतळीपेक्षाही बारीक अशी गोल रेघ उठून दिसत होती.

"ये मगजी है, साहब. मगज मतलब गूदा. बादाम का मगज होता है ना, वैसे ही इस पट्टी के पेट में डोरी बैठती है. आजकल सब पायपिंग बोलते हैं. मेरे मुँह में पुराना शब्द बैठा है."

सेवकरामनं ती कडा बोटांनी चाचपली. आत दोरी लागत होती.

"ब्लाऊज पे ही लगाते क्या?"

"पहले तो सब पे लगती थी. रजाई पे, बंडी पे, अंगरखे पे. कोट पे तो खास."

"कोट पे."

"हाँ, कॉलर पे, आस्तीन पे. कोट की शान उसी से थी."

सेवकराम पुन्हा बाकावर जाऊन बसला. अल्कानं मगजी लावायला सांगितली, कोणत्या रंगाची तेही सांगितलं. परत येताना बसनं गोरेगाव ओलांडलं. मग सेवकराम एकदम म्हणाला, "अल्का, आजा कोट घाले. सारं गाव कोटाचंच सांगते."

अल्का म्हणाली, "तुमचा हात धरला तवा मले भेव वाटलं." तो म्हणाला, "दिसलं मले."

हर्षाला हे सांगितलं तेव्हा तिनं तिच्या एका मैत्रिणीला फोन लावला. ती कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होती. तिनं जुना मराठी शब्दकोश उघडून पानाचा फोटो पाठवला. मगजी म्हणजे अंगरखा, बंडी यांच्या कडेला दुमडीतून घातलेली बारीक पट्टी. शब्द मूळचा फारसी. हर्षानं ते वाचून दाखवलं आणि म्हणाली, मगज आणि मगजी एकाच घरचे शब्द आहेत, गावानं नुसती खोली चुकवली. सेवकरामला हसू आलं, पण लगेच विरलं. शब्दाचा अर्थ कळला, तरी तो शब्द आपल्या घराला का चिकटला ते शब्दकोशात नव्हतं. ते सांगू शकेल असं एकच माणूस जिवंत होतं. त्याची आत्या, भागीरथाबाई. आज्याची ही धाकटी मुलगी दरेकशाला राहत होती. तिचा नवरा रेल्वेत गँगमन होता, तो कधीच गेला. ती मुलाजवळ होती.

सेवकराम गोंदियाहून सकाळच्या पॅसेंजरनं निघाला. सालेकसा गेलं की डोंगर रुळाच्या जवळ येतात आणि गाडी हळू चालते. दरेकशाला त्याच्यासोबत दोन-चारच माणसं उतरली. आत्याचं घर स्टेशनातून दिसतंच. ती उन्हात बसून सुपात तूर निवडत होती. डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, पण खडे बोटांना बरोबर सापडत होते. आवाजावरून तिनं त्याला ओळखलं, पाणी आणायला सुनेला हाक मारली, सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारली. हर्षाचं मोडलेलं स्थळ त्यानं सांगितलं. मग विचारलं, "आत्याबाई, आज्याले मगजी काऊन म्हनत होते?"

तिचा हात सुपात थांबला.

"तुह्या बापानं नाही सांगतलं?"

"नाही."

"नाहीच सांगन तो," ती म्हणाली, आणि मग तिनं सांगितलं.

तिचा बाप, फागू, रेल्वेच्या गँगमध्ये लागला तेव्हा इंग्रजांचं राज्य शेवटच्या घटका मोजत होतं. वस्तीतला रोख पगार घेणारा तो पहिला. त्यानं गोंदियाला शिंप्याकडून कोट शिवून घेतला. काळं जाड कापड, आणि कॉलरला, पुढच्या दोन्ही कडांना, बाह्यांना लाल मगजी. गोट नव्हे, आत्या मुद्दाम म्हणाली. गोट रुंद असतो, लांबून दिसतो. मगजी इतकी बारीक की माणूस जवळ आल्याशिवाय दिसू नये. दिवाळीत तो कोट घालून गावी आला आणि गावच्या जमिनींचा धनी असलेल्या मालगुजाराच्या वाड्यासमोरून गेला. रस्ता तोच एक होता.

मालगुजारानं त्याला बोलावलं. कोटाबद्दल तो काही म्हणाला नाही. साहेबानं आपला उतरवलेला कोट दिला, असं कोणीही समजलं असतं. त्याला बोचली ती कड. अंग झाकायला कपडा घाल, तो म्हणाला, सजवायला कशाला? आणि त्यानं आपल्या माणसाला मगजी उसवायला सांगितली. फागूला कोट काढू दिला नाही. अंगावरच्या कोटाची कड त्या माणसानं वस्तऱ्यानं उसवली. कॉलरजवळ पातं आलं तेव्हा फागूनं मान थोडी वर केली. भागीरथा लहान होती, थोरला भाऊ आणि ती कुंपणाजवळ उभी होती. उसवलेली लाल पट्टी धुळीत पडली. फागूनं ती उचलली आणि खिशात घातली.

"मायनं थे पट्टी धुतली," आत्या म्हणाली, "अन् त्याच दिवशी परत शिवली. बाप दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं गेला."

त्या वेळी त्यांनी त्याला मारलं. पट्टी फाडली, तुकडे केले. तिच्या आईनं आपल्या लुगड्याच्या काठातून लाल पट्टी काढून पुन्हा मगजी घातली. कशी जमेल तशी, कुठं जाड, कुठं बारीक. पुढं फागू सुट्टीवर गावी आला की कोट घालूनच यायचा. हिवाळ्यात यायचा, उन्हाळ्यातही यायचा. वैशाखात घामानं निथळायचा, तरी काढायचा नाही. उन्हाच्या निमित्तानं काढला असता, तर आपण काढायला लावला असं ते म्हणाले असते. मगजी आला, मगजी आला, असं वाड्यावरची माणसं हसून म्हणायची. वस्तीतले लोकही म्हणायचे, पण ते वेगळ्या तोंडानं म्हणायचे. नाव दोन्हीकडून पडलं.

"मंग मालगुजारी गेली. छप्पन साली बाप नागपूरले गेला, दीक्षेले, पांढरे कपडे घालून. कोट घरी खुटीले होता. त्याले कसर लागली, मायनं फेकून देल्ला. कोट गेला, नाव राहिलं. मंग पोरायले मगजी काय थे कोन सांगन?"

सेवकरामनं विचारलं, बापानं आपल्याला हे कधीच का सांगितलं नाही. आत्यानं सुपातला एक खडा बाजूला टाकला. तुझ्या बापानं आपल्या बापाला मार खाताना पाहिलं, ती म्हणाली. मी लहान होते, मला वस्तरा आठवतो. तो मोठा होता, त्याला सगळंच आठवत असेल. तो गोष्ट सांगणाऱ्यातला नव्हता, विसरू पाहणाऱ्यातला होता.

निघताना तिनं आणखी एक सांगितलं. सेवकरामनं विचारलं नव्हतं. मगजी उसवणारा वाड्यावरचा तो माणूस म्हणजे पुनाजी. त्याचा नातू तुझ्याच शाळेत होता ना, खेमराज.

गाडीला वेळ होता. सेवकराम स्टेशनच्या बाकावर बसला. त्याला आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही होता. आजा शहाणा होता. निव्वळ शहाणाच नव्हे, तर अख्ख्या गावात त्याच्याइतका डोकं ठिकाणावर असलेला माणूस नसेल. मग चाळीस वर्षं स्वतःवर ठेवलेली पाळत कोणाच्या कामी आली? आणि खेमराजचं काय करायचं? नातवाचा काय दोष, असं मन म्हणत होतं. तरी खेमराजच्या हाताकडे आपण आता कसं पाहू, हे त्याला समजत नव्हतं.

दोन-चार दिवस त्यानं काढले आणि मग मोटरसायकल काढून जामटोल्याला गेला. खेमराज कालव्याच्या बांधाशी उन्हाळी धानाच्या पऱ्ह्यातल्या रोपांना पाणी लावत होता. फावडं खांद्यावर घेऊन तो हसत वर आला. दोघं बांधावर बसले. सेवकरामनं काहीही न गाळता सगळं सांगितलं, पुनाजीचं नावही. खेमराज पाण्याकडे पाहत ऐकत होता. मग म्हणाला, "सेवक, मले मालूम होतं."

सेवकरामला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"बाबानं सांगतलं होतं, याच बांधावर. म्हनून म्या तुले त्या नावानं कधी हाक नाही मारली."

"तू नाही मारली. पन गाव म्हने का याच्या आज्याचं डोस्कं फिरलं होतं, अन् तू आयकून राहिला होता."

"कसं बोलू गा? डोस्कं फिरलं नव्हतं म्हटलं, तं मंग काय झालं होतं थे सांगा लागते. अन् थे सांगतलं, का माह्या आज्याचं नाव येते."

सेवकराम उठला. खेमराजनं घरी चहाला चल म्हटलं, ते त्यानं ऐकलं न ऐकलंसं केलं. गाडीला किक मारताना त्याच्या मनात आलं की आयुष्यात एकच माणूस आपल्याला नावानं हाक मारायचा, आणि तोच सगळं जाणून होता. तो रस्ताभर हॉर्न वाजवत आला. मोकळ्या रस्त्यावरही वाजवला. असं त्यानं कधी केलं नव्हतं.

त्यानंतर जे झालं ते सेवकरामला शालीकरामच्या फोनवरून कळलं. खेमराज स्वतः तिरोड्याला गेला होता. मुलाच्या मामाचं घर विचारत विचारत गेला, ओसरीवर बसला आणि सगळी हकीकत सांगून आला. कोट, मगजी, वस्तरा, वस्तरा धरणारा आपला आजा. त्याला कोणी जा म्हटलं नव्हतं. मामाला ते पटलं. रविवारी ते लोक पुन्हा येत होते, आणि या वेळी मुलाच्या आईला घेऊन.

अल्कानं घर सारवल्यासारखं स्वच्छ केलं. सेवकरामनं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. खेमराजवरचा त्याचा राग गेला नव्हता, पण त्याच्या शेजारी दुसरंही काहीतरी येऊन बसलं होतं. पाहुण्यांना सांगायची गोष्ट त्यानं मनात दोनदा घोळवली. आजीनं लुगड्याचा काठ काढला ते कुठं सांगायचं, हेही ठरवलं.

तशी वेळच आली नाही. मामा मोठ्या आवाजाचा, मोकळा माणूस होता. बसल्या बसल्या त्यानंच सुरुवात केली. गैरसमज झाला होता, तो म्हणाला, आम्हाला काय माहीत? उलट हे तर मानाचं घराणं निघालं. अशा घरची सून मिळायला भाग्य लागतं. मुलगा, चंद्रकुमार, कपाकडे पाहत होता. तो वीज प्रकल्पात नोकरीला होता, दिसायला नीटनेटका होता, कमी बोलायचा. हर्षा समोरच्या खुर्चीवर बसली होती. तिनं विचारलं, "मामाजी, एक विचारू? माझ्या पणजोबांचं डोकं खरंच फिरलं असतं तर?"

मामा हसला. "पन फिरलं नव्हतं ना."

"फिरलं असतं तर?"

"तं मंग पोरी, विचार करा लागला असता. लग्नाचं काम आहे."

"माझ्याकडे असे पेशंट येतात," हर्षा म्हणाली. आवाज साधाच होता, गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगताना असतो तसा. "गोळ्या घेतात, शेती करतात. त्यांनाही मुली आहेत. एका शब्दाचा अर्थ बदलला म्हणून तुम्ही परत आले. उद्या आणखी कोणी दुसरा अर्थ सांगेल." मग ती चंद्रकुमारकडे वळली. "तुम्ही तेव्हा घरी काही म्हटलं होतं का?"

चंद्रकुमारनं मान वर केली. "नाही," तो म्हणाला. मग हळूच, "मले आवडलं नव्हतं. पन बोललो नाही."

"मग मला हे स्थळ नको," हर्षा म्हणाली, आणि रिकामे कप गोळा करून आत गेली.

अल्कानं नवऱ्याकडे पाहिलं. तो काहीतरी बोलेल, सावरून घेईल, असं तिला वाटलं. गेले कित्येक दिवस सेवकराम आज्याचं डोकं ठिकाणावर होतं हे कळल्याच्या आनंदात होता, आणि पोरीनं विचारलेला प्रश्न त्याच्या मनातही आला नव्हता. नसतं ठिकाणावर, तर आपण आज्याला काय म्हटलं असतं? तो उठला आणि पाहुण्यांसोबत रस्त्यापर्यंत गेला. मामा घुश्शात होता, मुलाची आई गोंधळलेली होती. चंद्रकुमारनं जय भीम म्हटलं, सेवकरामनंही म्हटलं, आणि गाडी हायवेला लागली.

संध्याकाळी त्यानं हर्षाला विचारलं, वाईट वाटून राहिलं का. थोडं वाटतं, ती म्हणाली. मुलगा वाईट नव्हता, दिसायलाही बरा होता. मग तिनं लसीकरणाची पेटी उघडली आणि बर्फाच्या पिशव्या मोजायला बसली.

खेमराज कोहमाऱ्याला आला तो होळीच्या आसपास. पोत्यात नवीन तांदूळ आणले होते. स्थळ पुन्हा मोडल्याचं त्याला कळलं होतं, आणि आपलं जाणं फुकट गेलं असं त्याला वाटत असावं. सेवकरामनं त्याला खुर्ची दिली, अल्कानं चहा ठेवला. जाणं फुकट नाही गेलं, सेवकराम म्हणाला, पण हेच गावात आधी बोलला असता तर बरं झालं असतं. खेमराजनं ते ऐकून घेतलं. मग दोघं कालव्याच्या पाण्याच्या पाळीबद्दल बोलत बसले.

जामटोल्यात गोष्ट पसरली होती, पण गावात गोष्ट कधी आहे तशी राहते? पानठेल्यावर आता फागूचा कोट मखमलीचा झाला होता, मगजी जरीची, आणि मालगुजाराच्या जागी कोणी इंग्रज साहेब आला होता. खेमराज तिथं असला की ती दुरुस्त करायचा, साहेब नव्हता, माहा आजा होता, असं सांगायचा. लोक ऐकायचे, आणि त्यानं पाठ फिरवली की पुन्हा साहेब यायचा. घराला मगजी म्हणणं काही कोणी सोडलं नाही. सेवकराम एकदा गावच्या बाजारात भाजी घेत होता, तेव्हा एका म्हाताऱ्यानं मागून तशी हाक मारली. तो वळला आणि काय गा, म्हणून त्याच्याशी बोलला.

हर्षाचं लग्न पुढच्या वर्षी झालं. मुलगा साकोलीचा, त्याचं मोटार दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्याला हर्षानंच शोधलं होतं. ते लोक जामटोल्याला चौकशीला गेले होते की नाही, हे सेवकरामनं विचारलं नाही.